इंटरनेट यायच्या सहा वर्षं आधी फोनलाइनवर फायली वाटणारा माणूस : बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस

साल १९८९. टीव्हीवर नुकतंच महाभारत सुरू झालेलं. घरी फोन असणं म्हणजे श्रीमंतीचं लक्षण, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं हा अख्ख्या देशाचा धंदा. १९९१ मध्ये सुद्धा ८४ कोटी लोकांच्या या देशात जेमतेम ५० लाखांच्या आसपास फोन होते. गावात एक फोन असायचा, तो पोस्टात किंवा पाटलाच्या वाड्यावर.

अशा काळात बंगळूरमध्ये एका गड्याने आपल्या फोनलाइनला कॉम्प्युटर जोडला आणि सांगितलं, कुणीही या नंबरवर फोन लावा. पलीकडून माणूस बोलणार नाही, मशीन बोलेल. निरोप ठेवा, दुसऱ्यांचे वाचा, फायली घ्या, फायली द्या.

त्या गड्याचं नाव अतुल चिटणीस, आणि त्या फोनवरच्या अड्ड्याचं नाव सीआयएक्स.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे हे सगळं त्याच्या सहा वर्षं आधी चालू होतं.

आज चिटणीसांचं नाव काढलं की लिनक्सवाले लोक लगेच ओळखतात, बाकीच्यांना माहीत नसतं. बंगळूरच्या आयटीची गोष्ट सांगताना आपण मोठ्या कंपन्यांची आणि त्यांच्या मालकांची नावं घेतो. पण गल्लीबोळातल्या पोराच्या हातात सॉफ्टवेअर कसं पोचलं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यात हा माणूस फार मोठा आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

अतुल चिटणीस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ चा, आणि तोही बर्लिनमधला. बर्लिनची ती प्रसिद्ध भिंत उभी राहून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. आडनाव मराठी, जन्म जर्मनीत, आणि इंजिनिअरिंग कुठे? बेळगावात. कर्नाटक लॉ सोसायटीने १९७९ मध्ये सुरू केलेल्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले.

मेकॅनिकल बरं का, कॉम्प्युटर नाही. त्या काळी कॉम्प्युटरवाली बरीच मंडळी अशीच आडवाटेने आलेली. कुणी मेकॅनिकल, कुणी फिजिक्स, कुणी तर कॉमर्सवाला. मशीन हातात आलं, उघडून बघितलं, आणि मग ते सुटलंच नाही.

चिटणीसांना ज्याने धरलं ते नुसतं कॉम्प्युटर नव्हतं. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. म्हणजे मोडेम.

आता मोडेम म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. फोनची तार आवाज वाहून नेण्यासाठी बनवलेली. कॉम्प्युटरला कळतात शून्य आणि एक. मोडेम काय करतो, तर या शून्य-एकाचा आवाज करतो, तो तारेतून पाठवतो, आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे परत शून्य-एक करतो. ज्यांनी २००० च्या आसपास सायबर कॅफेत वेळ घालवलाय त्यांना तो किर्र-घुर्र-टिंग असा आवाज अजून आठवत असेल. तो आवाज म्हणजे दोन मोडेमचा नमस्कार-चमत्कार.

या मोडेमवर जगभर एक प्रकार चालायचा, बुलेटिन बोर्ड सिस्टीम. आपण बीबीएस म्हणू. याची सुरुवात झाली अमेरिकेत शिकागोला. १९७८ च्या हिवाळ्यात तिथं प्रचंड हिमवादळ आलं, घराबाहेर पडता येईना, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी घरबसल्या हा उद्योग केला. ऑफिसात किंवा सोसायटीत नोटीस बोर्ड असतो ना, तसा बोर्ड, फक्त फोनवरून उघडणारा. १६ फेब्रुवारी १९७८ ला तो सुरू झाला.

नंतर १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज नावाच्या माणसाने फिडोनेट काढलं. म्हणजे गावोगावचे हे बोर्ड रात्री फोन स्वस्त झाला की एकमेकांना फोन लावायचे आणि दिवसभरात साठलेली टपाल एकमेकांना द्यायचे. इंटरनेट नाही, कंपनी नाही, मालक नाही. हौशी लोकांनी स्वतःच्या फोनबिलावर चालवलेलं जागतिक टपाल खातं.

भारतातही हे लोण आलं. मुंबईत लाइव्ह वायर नावाचा बोर्ड प्रसिद्ध होता. आणि बंगळूरला सीआयएक्स. देशातल्या अगदी सुरुवातीच्या बोर्डांपैकी हा एक.

बोर्ड चालवणाऱ्याला म्हणायचे सिसॉप, म्हणजे सिस्टीम ऑपरेटर. नाव भारदस्त, पण काम वाचनालयाच्या ग्रंथपालाचं. सभासद नोंदवायचे, कुणाला काय बघायला द्यायचं ते ठरवायचं, भांडणं सोडवायची, आणि सगळ्यात किचकट म्हणजे फायलींचं कपाट लावायचं.

हे कपाट लावणं म्हणजे काय भानगड होती ते जरा नीट समजून घेऊ, कारण चिटणीसांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ तिथंच आहे.

त्या वेळी पर्सनल कॉम्प्युटरची हार्डडिस्क असायची २० किंवा ४० एमबीची. हो, एमबीच. आज मोबाइलमधल्या दोन-चार फोटोंत ती भरून जाईल. त्यातच बोर्डाचं सॉफ्टवेअर, त्यातच सगळ्यांचे निरोप, आणि उरलेल्या जागेत लोकांसाठी फायली. सिसॉप बिचारा रोज काहीतरी पुसायचा आणि काहीतरी ठेवायचा.

आणि मग आली सीडी-रॉम. एका चकतीत ६५० एमबी. म्हणजे १.४४ एमबीच्या साधारण साडेचारशे फ्लॉपी एका बाजूला आणि ही एक चकती दुसऱ्या बाजूला. जगभरच्या सिसॉपांना लॉटरी लागली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वॉलनट क्रीक सीडीरॉमसारख्या कंपन्या तर फुकट आणि शेअरवेअर सॉफ्टवेअर ठासून भरलेल्या चकत्या विकू लागल्या, आणि बोर्ड चालवणारे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक झाले. चकती आणा, ड्राइव्हमध्ये घाला, बोर्डाला जोडा. एका दिवसात कपाटात हजारो फायली.

ऐकायला सोपं वाटतं. पण जोडताना सिसॉपांना घाम फुटायचा.

पहिली गोष्ट, डॉसला सीडी कळायचीच नाही. आधी कॉन्फिग डॉट सिस या फाइलमध्ये ड्राइव्हचा ड्रायव्हर लिहायचा, मग ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये एमएससीडीईएक्स नावाचा प्रोग्रॅम चालवायचा, तेव्हा कुठे त्या चकतीला डी किंवा ई असं अक्षर मिळायचं. त्यात मेमरी खर्च व्हायची, आणि डॉसकडे मेमरी म्हणजे मुळात ६४० केबी. सीडी चालू झाली तर बोर्ड चालेना आणि बोर्ड चालला तर सीडी दिसेना, असे खेळ व्हायचे.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर. बोर्डावर फायलींचे विभाग असायचे. प्रत्येक विभागाचा एक फोल्डर, आणि त्या फोल्डरमध्ये फाइल्स डॉट बीबीएस नावाची यादी. फाइलचं नाव आणि पुढे एका ओळीत माहिती. बोर्डाचं सॉफ्टवेअर या यादीत लिहा-पुसायचं, म्हणजे कुठली फाइल किती जणांनी उतरवली वगैरे. पण सीडीवर तर काहीच लिहिता येत नाही! ती फक्त वाचायची. मग सॉफ्टवेअर लिहायला जायचं आणि आपटायचं.

यावर उपाय असा की फायली राहू द्यायच्या सीडीवर, पण त्यांची यादी कॉपी करून आणायची हार्डडिस्कवर. मग सेटिंगमध्ये दोन वेगळे पत्ते द्यायचे. यादी इथं आहे, माल तिथं आहे. किराणा दुकानात वही गल्ल्यावर असते आणि पोती गोदामात, तसंच. आणि लोकांनी पाठवलेल्या नव्या फायली चुकूनही सीडीच्या विभागाकडे वळू नयेत म्हणून त्यांना हार्डडिस्कवर वेगळी जागा. हे विसरलं की एखादा माणूस तासभर फाइल पाठवणार आणि शेवटी ती ठेवायला जागाच नसणार.

तिसरी गोष्ट वेगाची. आता गंमत बघा. अगदी पहिल्या पिढीचा सीडी ड्राइव्ह सुद्धा सेकंदाला १५० केबी वाचायचा. आणि २४०० च्या मोडेमवरून सेकंदाला जायचे पाव केबी. म्हणजे ड्राइव्ह मोडेमच्या सहाशे पट जोरात. मग अडचण कुठे? तर अडचण शोधण्यात. चकतीवर इथून तिथे जाऊन फाइल हुडकायला ड्राइव्हला सेकंदाचा चांगला तिसरा हिस्सा, कधी जास्तही लागायचा. दोन लाइनवर दोन माणसं दोन टोकांच्या फायली मागायला लागली की ड्राइव्हचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत बसायचं. म्हणून शहाणे सिसॉप असं लावायचे की फाइल मागितली की आधी ती अख्खी हार्डडिस्कवर उतरवायची, तिथून सावकाश पाठवायची, आणि झाल्यावर पुसायची.

शिवाय चकत्या दहा आणि ड्राइव्ह एक असं असेल तर? मग यादी सगळ्यांची दाखवायची, पण ज्या चकत्या बाहेर पडल्यात त्यांच्या फायलींपुढे तशी खूण करायची. सभासदाने मागणी नोंदवायची. सिसॉप घरी आला, जेवला, की चकती बदलणार. दुसऱ्या दिवशी फाइल तयार. ज्यांच्या खिशात जोर होता ते सहा-सहा चकत्यांचे चेंजर घ्यायचे.

आणि ते सगळं बाजूला ठेवलं तरी नैतिक प्रश्न उरायचाच. बोर्डावर नियम असायचा, काही दिलंत तर घ्याल. एक फाइल चढवा, मग ठराविक फायली उतरवा. पण सीडीवरचा माल तर कुणी सभासदाने दिलेला नाही, तो विकत आणलेला. मग त्याला हा नियम लावायचा का? काही जण सूट द्यायचे, काही जण नाही. नुसतं घेणारे किती आणि काही देणारे किती, हा हिशोब प्रत्येक सिसॉपच्या डोक्यात असायचाच. चिटणीसांच्या आयुष्यात हा प्रश्न पुढे वीस वर्षांनी परत येणार होता. त्याकडे येऊच.

पण या सगळ्या खटाटोपाच्या पुढे एक भिंत होती. फोनची तार.

हिशोब करून बघा. २४०० च्या मोडेमवर १ एमबीची फाइल उतरायला सव्वा तास. एक फ्लॉपीभर माल म्हणजे पावणेदोन तास. आणि अख्खी सीडी उतरवायची म्हटलं तर? दिवसरात्र लाइन न तुटता ३३ दिवस. नंतरचा १४,४०० वाला वेगवान मोडेम लावला तरी साडेपाच दिवस. तेही लाइन न कापता, आणि मध्ये घरातल्या कुणी रिसीव्हर न उचलता. झेडमोडेम नावाची पद्धत आली तेव्हा निदान तुटलेली फाइल जिथं थांबली तिथून पुढे घेता यायला लागली, नाहीतर ९० टक्क्यांवर लाइन गेली की पुन्हा श्रीगणेशा.

आणि ही गोष्ट झाली बंगळूरमध्ये राहणाऱ्याची, लोकल कॉलवाल्याची. समजा सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगमधल्या एखाद्या पोराला कॉम्प्युटरचा नाद लागला असता तर? त्याला बंगळूर म्हणजे एसटीडी. मीटर पळणार. रात्री उशिरा दर उतरायचे हे खरं, पण ३३ दिवसांचं एसटीडी बिल भरायला जमीन विकावी लागली असती. म्हणजे बीबीएस कितीही भारी असला, कपाटात सीडी लावून कितीही माल भरला, तरी तो मोठ्या शहरातल्या फोनवाल्यांचाच अड्डा राहणार होता.

चिटणीसांनी यावर एक बाजू लावून धरली ती लिखाणाची. दिल्लीहून निघणाऱ्या पीसीक्वेस्ट या मासिकात ते डेटा कम्युनिकेशनवर लिहायला लागले. मोडेम कसा घ्यायचा, कसा लावायचा, लाइन का तुटते, बोर्डाला फोन कसा लावायचा. कॉम्प्युटरच्या मागे मोडेम ज्या खाचेत लावतात तिला कॉम पोर्ट म्हणतात, त्यावर कोटी करून सदराचं नाव ठेवलं होतं कॉमव्हर्सेशन्स. ज्यांनी आयुष्यात मोडेम बघितला नव्हता ते लोकसुद्धा ते वाचायचे. पुढे ते मासिकाचे सल्लागार संपादक झाले.

याच काळात सरकारचं लक्ष या बोर्डांकडे गेलं, आणि ते काही चांगल्या अर्थाने नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात दूरसंचार खात्याने ठरवलं की बीबीएस चालवायचा तर लायसन्स पाहिजे, आणि त्याची वर्षाची फी लाखो रुपयांत. कायदा कुठला, तर इंग्रजांनी १८८५ मध्ये केलेला टेलिग्राफ कायदा. म्हणजे घरच्या खोलीत स्वतःच्या पैशाने, एक रुपया न कमावता बोर्ड चालवणारा हौशी माणूस आणि मोठी कंपनी, दोघांना खातं एकाच मापाने मोजणार. देशभरच्या मोडेमवाल्यांमध्ये यावरून संताप उसळला. दिल्लीत अरुण मेहता यांनी फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन नावाचा मंच काढून आवाज उठवला. इंटरनेटवरच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं भांडण भारतात इंटरनेट यायच्या आधीच सुरू झालं होतं, हे आज खरं वाटत नाही.

मग १९९५ मध्ये व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं. सुरुवातीला ते महाग, मोजक्या शहरांपुरतं, आणि स्वस्तातलं खातं घेतलं तर नुसती काळ्या पडद्यावरची अक्षरं. पण दार उघडलं होतं. बीबीएसचे दिवस भरले.

बरेच सिसॉप इथं थांबले. चिटणीसांना मात्र खरा जॅकपॉट पुढच्याच वर्षी लागला.

जगात लिनक्स नावाचं प्रकरण जोर धरत होतं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. फुकट वापरा, आतला कोड बघा, बदला, वाटा. ज्या देशात युनिक्स शिकायला कॉलेजची लॅब सोडून जागा नव्हती त्या देशासाठी ही लंकेची सोन्याची वीट होती. पण ती उचलून आणायची कशी? लिनक्स म्हणजे शेकडो एमबींचा कारभार. स्लॅकवेअर नावाची त्याची लोकप्रिय आवृत्ती फ्लॉपीवर उतरवायची तर डझनावारी फ्लॉप्या. इंटरनेटवरून घ्यायचं तर खात्याचे कितीतरी तास त्यातच खर्ची पडतील.

फायलींचं कपाट लावणाऱ्या माणसाला उत्तर कुठे सापडणार? सीडीतच.

१९९६ मध्ये पीसीक्वेस्टने लिनक्सची मोहीम काढली, आणि त्यामागे मुख्य जोर चिटणीसांचा. मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायची. आत कसं बसवायचं त्याची सविस्तर माहिती. बस्स.

आता यातला डाव लक्षात घ्या. बीबीएसवर सीडी असायची सिसॉपच्या घरी, आणि तिच्यातला माल थेंबाथेंबाने तारेतून लोकांपर्यंत जायचा. इथं तारच काढून टाकली. अख्खी चकतीच वाचकाच्या हातात. जी गोष्ट पोचायला ३३ दिवस लागले असते ती टपालाच्या थैलीतून तीन-चार दिवसांत येणार. एसटीडीचं मीटर नाही, लाइन तुटायची भीती नाही. अंक सोलापूरच्या स्टॉलवर आला की तिथून तो एसटीने वळसंगला जाऊ शकतो, बार्शीला जाऊ शकतो, अक्कलकोटला जाऊ शकतो. भारतीय पोस्ट आणि एसटी महामंडळ हे त्या घडीला देशातलं सगळ्यात वेगवान डाउनलोड नेटवर्क होतं. गंमत नाही, गणित आहे.

पीसीक्वेस्टच्या या लिनक्स चकत्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. नंतर रेड हॅटवर आधारलेली पीसीक्यूलिनक्स नावाची मासिकाची स्वतःची आवृत्ती आली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुठल्याही भारतीय लिनक्सवाल्याला विचारा, पहिल्यांदा लिनक्स कुठून बसवलंत? बऱ्याच जणांचं उत्तर येईल, मासिकाच्या सीडीवरून. एक सीडी हॉस्टेलवर आली की ती वीस कॉम्प्युटरवर फिरायची, आणि त्यात चोरी काही नव्हती, कारण हे सॉफ्टवेअर वाटण्यासाठीच होतं. वाटताना पहिल्यांदाच कुणाला अपराधी वाटत नव्हतं.

चिटणीसांनी पुढे एक्झोकोर नावाची सल्लागार कंपनी काढली. नंतर मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीत वरच्या पदावर काम केलं. हौस म्हणाल तर गिटार. नोकरी-धंद्याची बाजू ही एवढीच सांगून पुरे, कारण त्यांची ओळख त्यामुळे झालेली नाही.

ओळख झाली ती २००१ पासून. त्या वर्षी बंगळूरला लिनक्स बंगलोर नावाचा मेळावा भरला. स्वयंसेवकांनी उभा केलेला, आणि त्यांच्या पुढे चिटणीस. २००५ मध्ये त्याचं नाव बदलून फॉस डॉट इन झालं, म्हणजे नुसतं लिनक्स नाही, सगळंच मुक्त सॉफ्टवेअर. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे ॲलन कॉक्ससारखे दिग्गज तिथं येऊन गेले. जर्मनीचे हॅराल्ड वेल्टे तर पुन्हा पुन्हा येत राहिले. आशिया खंडातल्या या विषयावरच्या सगळ्यात मोठ्या आणि जास्त काळ चाललेल्या मेळाव्यांत त्याचं नाव घेतलं जायचं. हजारो पोरं, त्यात कॉलेजातून रात्रीच्या बसने आलेली कितीतरी.

आणि इथं तो जुना प्रश्न परत आला. घेणारे किती, देणारे किती.

चिटणीसांच्या लक्षात आलं की भारतात लिनक्स वापरणारे प्रचंड झाले, त्यावर भाषणं देणारेही झाले, पण त्यात स्वतःचा कोड घालणारे मूठभर. जगातल्या मोठमोठ्या मुक्त प्रकल्पांत भारतीय नावं हुडकावी लागायची. सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या देशात! एका अर्थाने हे त्यांच्याच यशाचं दुसरं टोक होतं. सीडी हातात आयती पडली, लोकांनी बसवली, वापरली, पुढे सरकले. बीबीएसवर निदान फाइल चढवल्याशिवाय उतरवता येत नव्हती. मासिकाच्या सीडीला असली अट नव्हती.

मग त्यांनी मेळाव्याचा रोखच बदलला. लिनक्स म्हणजे काय, ते चांगलं का, असली ओळखपाळखीची भाषणं कमी करायची. त्याऐवजी वर्कआउट. म्हणजे एका खोलीत प्रकल्पवाले आणि नवे लोक एकत्र बसतील आणि उठेपर्यंत प्रत्यक्ष काहीतरी लिहून, दुरुस्त करून उठतील. बघ्यांसाठी नाही, करणाऱ्यांसाठी.

हे सगळ्यांना रुचलं असं अजिबात नाही. नवशिक्या पोरांचं काय, त्यांनी यायचंच नाही का, हा सवाल रास्तच होता. मेळाव्याला गर्दी हवी असणाऱ्यांना, बॅनर लावणाऱ्या कंपन्यांना असला हट्ट परवडत नाही. चिटणीस बोलायला रोखठोक, आणि गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावर जीव टाकणारे जेवढे, तेवढेच त्यांच्याशी वाजलेले. पण मुद्द्यावर ते बरोबर होते की चूक? तर रोख बरोबर होता, दार मात्र थोडं जास्तच अरुंद झालं, असं आज मागे वळून बघताना वाटतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांना आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस फॉस डॉट इन भरायचं होतं, आणि ते भरलं. २९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१२. मधलं २०११ चं वर्ष रिकामं गेलं होतं, त्यामुळे हा मेळावा परत होतोय याचाच लोकांना आनंद होता.

३ जून २०१३ ला बंगळूरमध्ये अतुल चिटणीस गेले. वय ५१. बातमी आली तेव्हा देशभरच्या लिनक्स ग्रुपांवर, ब्लॉगवर लोक लिहायला लागले. हॅराल्ड वेल्टेंनीही लिहिलं. लिहिणाऱ्यांत कंपन्या चालवणारे होते, प्राध्यापक होते, आणि असेही बरेच होते जे त्यांना कधी भेटले नव्हते. त्यांच्याकडे फक्त एक चकती होती, कधीतरी मासिकाच्या अंकाला चिकटून आलेली.

फॉस डॉट इन त्यानंतर पुन्हा भरलं नाही.